जुन्या जीपची घरघर कुठून येते?

गाडीवाल्या बांधवांकडून आमच्याकडे जे प्रश्न येतात त्यांत एक पुन्हा पुन्हा येतो. गाडी जुनी आहे, चारही चाकांना जोर देणारी आहे, म्हणजे ज्याला आपण फोर बाय फोर किंवा नुसते 'फोर व्हील' म्हणतो ती. अलीकडे ती घरघर करू लागली आहे. गॅरेजमध्ये सांगतात, क्राउन-पिनियन गेले, सगळे डिफरन्शियल उतरवावे लागेल. खर्चाचा आकडा ऐकून बांधव घरी येतो आणि त्या रात्री घरात कोणी नीट जेवत नाही. म्हणून आजचे सदर सगळेच्या सगळे या एका विषयाला दिले आहे. भगिनींनी 'हे गाडीचे आहे, आपल्या कामाचे नाही' म्हणून पान उलटू नये. गाडीचा हप्ता दोघांच्या कष्टातून जातो, आणि मागच्या बाकावर बसणाऱ्या माणसाला मागच्या चाकाचा आवाज चालकाच्या आधी ऐकू येतो, हा आमचा अनुभव आहे.

आपल्या जिल्ह्याचे आणि जीपचे नाते जुने आहे. लष्कराचे आर्मर्ड कोअर सेंटर नगरला, वाहनांवर संशोधन करणारी संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही संस्था नगरला, आणि १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालयही नगरलाच. दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून अमेरिकेतल्या विलीज कंपनीने लढाईसाठी जी जीप बनवली, तिचीच पुढची भावंडे महिंद्र कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत जोडायला घेतली. पुढे ऐंशीच्या दशकात एमएम ५४० आली, १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली. जिप्सीची सर्वसामान्य विक्री २०१९ च्या सुमारास थांबली, म्हणजे आज बाजारात मिळणारी प्रत्येक जिप्सी जुनीच. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण गाडीच्या पाटीवरचे एमएच १६ आणि श्रीरामपूरकडचे एमएच १७ तेच राहिले. तशा या गाड्याही राहिल्या आहेत. अकोले तालुक्यात राजूरच्या पुढे भंडारदरा, घाटघर, रतनवाडी, पाचनई या बाजूला पावसाळ्यात साध्या गाडीचे जिथे काही चालत नाही, तिथे जुनी फोर व्हील जीप चिखलातून माणसे आणि सामान घेऊन जाते. कळसूबाईच्या पायथ्याला बारीला येणारे, पावसाआधी काजवे पाहायला येणारे पर्यटक वाढल्यापासून अशा गाडीला चार पैसेही मिळू लागले. त्या चार पैशांच्या आशेने कोणी साठवलेली रक्कम घालून जुनी जीप घेतो. तिचे चाक बोलू लागले की संसारच बोलू लागतो.

आमचे म्हणणे एवढेच आहे की काहीही उघडण्याआधी, एक रुपया खर्च करण्याआधी, कान, हात आणि जॅक यांच्या साहाय्याने दोष कोणत्या भागात आहे हे बऱ्याच अंशी कळते. ते कळले की मिस्त्रीशी बोलताना आपण अडाणी ठरत नाही. चांगल्या मिस्त्रीला असा गिऱ्हाईक आवडतो. ज्याला आवडत नाही, त्याच्याकडे गाडी सोडण्याआधी विचार करावा.

आता गाडीच्या पोटात काय आहे ते थोडक्यात. इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला, तिथून ट्रान्स्फर केसला. ही ट्रान्स्फर केस म्हणजे जोराची वाटणी करणारी पेटी. तिच्यातून एक लांब प्रोपेलर शाफ्ट मागे जातो, एक पुढे. प्रत्येक शाफ्टच्या दोन्ही टोकांना जॉइंट, आणि त्यात अधिकच्या चिन्हासारखा क्रॉस. पुढे आणि मागे एकेक डिफरन्शियल, त्यात क्राउन आणि पिनियन. तिथून एक्सल चाकाकडे, आणि चाकाच्या हबमध्ये बेअरिंग. घरघर यांपैकी कुठूनही येऊ शकते. यात बेअरिंगचा जोड सगळ्यात स्वस्त आणि क्राउन-पिनियन सगळ्यात महाग. दोघांच्या किमतीत कित्येक पटींचे अंतर आहे. आणि नेमके हेच दोन आवाज एकमेकांसारखे असतात. गोंधळ इथे होतो आणि खिसाही इथेच कापला जातो.

पहिली परीक्षा रस्त्यावरची. पहाटे, मोकळ्या, सपाट डांबरी रस्त्यावर, गाडी टू व्हीलमध्ये ठेवून ताशी चाळीस-पन्नासच्या वेगाने चालवावी. बरोबर घरातले एक माणूस मागे बसवावे. आवाज सुरू झाला की अॅक्सिलरेटर थोडा दाबावा, मग सोडावा. जोर दिला की आवाज चढतो आणि सोडला की बदलतो किंवा थांबतो, किंवा याच्या उलट होते, तर संशय क्राउन-पिनियनवर. दात जोर घेताना एका अंगाने घासतात आणि गाडी स्वतःच्या ओढीने चालताना दुसऱ्या अंगाने, म्हणून ते पायाच्या हालचालीला उत्तर देतात. चाकाचे बेअरिंग मात्र पायाचे ऐकत नाही. ते फक्त गाडीच्या वेगाचे ऐकते. वेग वाढला की भुंग्यासारखे घोंगावणे वाढते, कमी झाला की खाली उतरते. मग गाडी क्षणभर न्यूट्रलला टाकावी. इंजिन बंद करू नये, आणि घाटात तर हा प्रयोग मुळीच करू नये. न्यूट्रलमध्येही आवाज तसाच राहिला तर इंजिन आणि क्लच यांचा संबंध नाही.

त्याच रस्त्यावर, मागेपुढे वाहन नाही असे पाहून, गाडी हलकेच डावीकडे आणि मग उजवीकडे झुलवावी. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो, उजवीकडे वळताना डाव्या. डावीकडे वळताना घोंगावणे वाढले तर उजव्या बाजूचे बेअरिंग तपासावे. ही परीक्षा शंभर टक्के खात्रीची नाही, पण दहातल्या बहुतेक वेळा बाजू बरोबर सांगते.

इथे एक फसगत आहे, ती आधीच सांगतो. जाड नक्षीचे टायर, विशेषतः उंच-सखल झिजलेले, अगदी बेअरिंगसारखे घोंगावतात. डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर गाडी गेली आणि आवाजाचा सूर बदलला, तर तो टायरचा. बेअरिंगला रस्ता डांबराचा की सिमेंटचा याच्याशी देणेघेणे नसते. शंका राहिली तर पुढचे टायर मागे टाकून पाहावे. आवाजाने जागा बदलली तर नवे बेअरिंग घालून काही उपयोग नाही. या कामाला एक टॉमी आणि अर्धा तास लागतो, बाकी काही नाही.

दुसरी परीक्षा हाताची. पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवून, शेवटचा टप्पा ब्रेक फारसा न लावता, थांबावे आणि चारही हबना एकेक करून हात लावून पाहावा. तळहात नव्हे, हाताची मागची बाजू जवळ नेऊन, चटका बसणार नाही अशा बेताने. तीन हब कोमट आणि एक तापलेला, तर तिथे काहीतरी आहे. बेअरिंग असेल किंवा ब्रेक चिकटत असेल. चाक उचलून हाताने फिरवले की दोन्हींतला फरक कळतो: ब्रेक चिकटला असेल तर चाक जड फिरते, बेअरिंग खराब असेल तर खरखर करत फिरते. एक हात ब्रेकच्या मागच्या पत्र्यावर ठेवून दुसऱ्याने चाक फिरवले तर ही खरखर बोटांना जाणवते, मग कान कमी ऐकत असला तरी चालते.

तिसरी परीक्षा जॅकची, आणि इथे जिवाचा प्रश्न आहे म्हणून थोडे सविस्तर सांगावे लागेल. जुन्या विलीज धाटणीच्या बऱ्याच जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम चाकात नसून ट्रान्स्फर केसच्या मागे, शाफ्टवर असतो. अशा गाडीचे मागचे एक चाक उचलले की डिफरन्शियलमुळे उचललेले चाक मोकळे फिरते आणि हँडब्रेक लावलेला असूनही गाडी सरकू शकते. हे अनेक चालकांना ठाऊक नसते. म्हणून जमिनीवरच्या चाकांना पुढून आणि मागून दगड लावल्याशिवाय जॅक चढवू नये, जमीन सपाट हवी, आणि नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या थप्पीवर भरवसा ठेवून गाडीखाली जाऊ नये. वीट भाराने एकदम फुटते. लोखंडी स्टँड किंवा लाकडाचे भक्कम ओंडके वापरावेत.

चाक उचलले की ते घड्याळासारखे समजावे. बारा आणि सहा या जागी धरून आत-बाहेर हलवावे. खटखट जाणवली तर पुढच्या चाकात दोन शक्यता: हबचे बेअरिंग ढिले, किंवा किंगपिन झिजलेला. आता घरातल्या माणसाला ब्रेकचे पेडल दाबून धरायला सांगावे आणि पुन्हा हलवावे. खटखट नाहीशी झाली तर ढिलाई बेअरिंगमध्ये होती, कारण ब्रेकने हबला घट्ट धरून ठेवले. राहिली तर किंगपिनमध्ये. नऊ आणि तीन या जागीच खटखट असेल तर स्टिअरिंगचे टाय रॉड एंड पाहावेत. या एका पेडलच्या युक्तीने अनेकांचे पैसे वाचतील असे आम्हाला वाटते. पेडल दाबायला मोठेच माणूस हवे असेही नाही, दहावीतला मुलगा किंवा मुलगी पुरते. मुलांना सुटीत हे काम जरूर करायला लावावे. आयटीआयला मोटर मेकॅनिक ट्रेडला जायचे ज्यांच्या मनात आहे, त्यांचा पहिला धडा घरच्या अंगणातच होईल.

आता शाफ्टकडे वळू. गाडी जागेवरून निघताना 'टक्', किंवा अॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना 'ठक्' असा आवाज येत असेल, तर पहिला संशय क्रॉसवर. सपाट जागी, इंजिन बंद, चाकांना दगड, गिअर न्यूट्रल, आणि खाली वाकून जॉइंटच्या दोन्ही बाजू दोन हातांनी धरून उलट दिशांना पिळाव्यात. क्रॉसच्या टोपीत हालचाल दिसली तर तो गेला. टोपीच्या भोवती तांबूस भुकटी साचलेली असेल तर ग्रीस संपून आत गंज खेळतो आहे, मग पिळण्याचीही गरज नाही. ठरावीक वेगाला गाडीचा पत्रा थरथरतो, त्या आधी नाही आणि नंतर नाही, तेव्हाही क्रॉस किंवा शाफ्ट. शाफ्ट काढून बसवताना मिस्त्रीने दोन्ही तुकड्यांवरच्या बाणाच्या खुणा एका रेषेत आणल्या का, एवढे डोळ्यांनी पाहून घ्यावे. खुणा नसतील तर काढण्याआधीच खडूने कराव्यात. खुणा चुकल्या की नवा क्रॉस घालूनही थरथर जात नाही, आणि मग नसलेला दोष शोधत गाडी आठवडाभर गॅरेजमध्ये पडून राहते.

आवाज पुढून की मागून, हे कळत नसेल तर फोर व्हील गाडीत एक सोय आहे. पुढच्या हबला मोकळे करण्याची चकती असेल, जशी अनेक जिप्सींना असते, तर ती मोकळी करून टू व्हीलमध्ये गाडी चालवावी. आता पुढचे डिफरन्शियल, पुढचे एक्सल आणि पुढचा शाफ्ट फिरत नाहीत. आवाज गेला तर दोष या तिघांत. राहिला तर मागे, ट्रान्स्फर केसमध्ये, किंवा पुढच्या चाकाच्या बेअरिंगमध्येच, कारण ते हब मोकळा असला तरी फिरतेच. चकती नसेल तर मिस्त्रीकडून पुढचा शाफ्ट उतरवून घेऊन टू व्हीलमध्ये हळू एक फेरी मारता येते. जिप्सीत आणि एमएम ५४० मध्ये हे चालते. पूर्ण स्टिअरिंग तोडून वळताना पुढून 'कट-कट-कट' येत असेल तर मात्र चाकाजवळच्या एक्सल जॉइंटचा दोष, त्याला एवढी शोधाशोध नको.

डिफरन्शियलचा विषय निघाला आहे तर जुन्या बाजारातून आणलेल्या भागांविषयी सांगितलेच पाहिजे. विलीज धाटणीच्या जीपला क्राउनला ४३ आणि पिनियनला ८ दात असत, म्हणजे गुणोत्तर ५.३८. दुसऱ्या प्रकारात ३९ आणि ८, म्हणजे ४.८८. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. मागचे बिघडले म्हणून भंगारातून दुसरे आणून बसवले, ते वेगळ्या दातांचे निघाले, तर टू व्हीलमध्ये काहीच कळत नाही. पण चिखलात फोर व्हील लावले की मागचे चाक दहा मीटर जात असताना पुढचे अकरा मीटर जाऊ पाहते. दोन बैल दोन चालींनी जुंपल्यासारखे होते, आणि तुटते ते मधले, म्हणजे ट्रान्स्फर केस किंवा क्रॉस. न उघडता ओळखायचे असेल तर दगड लावून एक चाक उचलावे, ट्रान्स्फर केसचा दांडा टू व्हीलला आणि गिअर न्यूट्रलला ठेवावा, शाफ्टवरचा हँडब्रेक असल्यास सोडावा, शाफ्टवर खडूची रेघ मारावी आणि उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवावे. शाफ्ट पाच फेरे पूर्ण करून वर तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त फिरला तर ५.३८, पाचाला थोडा कमी पडला तर ४.८८. पुढे आणि मागे दोन्हीकडे आकडा एकच आला पाहिजे. जुनी जीप विकत घेताना विसार देण्याआधी ही परीक्षा करावी. विकणारा हसेल, हसू द्यावे.

टायरचेही तसेच. टायरचे रबर एक सेंटिमीटर झिजले तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात सहा सेंटिमीटरहून अधिक अंतर कमी पडते. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत टायर घालून फोर व्हील लावणे म्हणजे गिअर पेटीला रोज थोडे थोडे मारणे. खडूने टायरवर आणि जमिनीवर खूण करून, गाडी ढकलून एक फेरा पुढे न्यावी आणि टेपने अंतर मोजावे. चारही चाकांचे जवळजवळ सारखे यायला हवे, आणि त्याआधी हवा सारखी भरलेली हवी. याच कारणाने कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावून गाडी चालवू नये. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात, आणि या जुन्या गाड्यांत तो फरक सोसून घेणारे मधले डिफरन्शियल नसते. चिखलात चाक थोडे घसरून फरक काढून टाकते, डांबरावर घसरत नाही, सगळा पीळ गिअरमध्ये साठतो. मग दांडा अडकतो, निघत नाही. अशा वेळी दांड्यावर लाथ मारू नये. गाडी सरळ रेषेत काही फूट मागे घ्यावी, पीळ उलगडतो आणि दांडा हलक्या हाताने सुटतो.

अलीकडे काही बांधव २०१४ मध्ये आलेली रेनो डस्टरची चारही चाकांची गाडी किंवा जुनी होंडा सीआर-व्ही सेकंड-हँड घेतात. त्यांची रचना वेगळी आहे. गरज पडेल तसा जोर मागच्या चाकांना आपोआप जातो, बेअरिंगही एकत्र बंद संच म्हणून येते आणि नट आवळून जुळवता येत नाही, बदलावेच लागते. अशा गाडीचा शाफ्ट उतरवून फेरी मारण्याचा वर सांगितलेला प्रयोग करू नये. टायर चारही एकाच मापाचे आणि एकसारखे झिजलेले, हा नियम त्यांना जीपपेक्षाही जास्त लागू आहे. दोन पाय उचलून टो करून नेऊ नये, पूर्ण गाडी उचलून न्यावी.

बेअरिंग जाते का, याचा विचार केला पाहिजे. आमच्या मते आपल्या भागात दोन मोठी कारणे आहेत. एक पाणी. भंडारदऱ्याकडे ओढे ओलांडून तापलेले डिफरन्शियल एकदम थंड पाण्यात बुडते. आतली हवा आकसते आणि बाहेरचे ओढू लागते. एक्सलवर हवा आत-बाहेर करायला छोटी नळी असते, ती चिखलाने बुजलेली असली की ऑइल सीलमधून पाणी आत खेचले जाते. पावसाळ्यात डिफरन्शियलचे थोडे ऑइल काढून पाहावे. ताकासारखे दुधी दिसले तर पाणी गेले आहे, त्याच दिवशी ऑइल बदलावे आणि ती नळी साफ करावी. पाण्यात हब बुडवून ठेवलेली गाडी हंगाम संपल्यावर एकदा उघडून ग्रीस भरून घ्यावी.

दुसरे कारण भार. रोलर बेअरिंगवर भार दुप्पट केला तर त्याचे आयुष्य निम्मे होत नाही, साधारण दहावा भाग उरते. अभियंत्यांचा हा जुना हिशेब आहे. ज्या जीपमध्ये आठ माणसांची जागा आहे तिच्यात पंधरा बसवून, दोघे मागे लटकवून नगर-पाथर्डी रस्त्याने करंजी घाट उतरवायचा, आणि मग बेअरिंगवाल्याने फसवले म्हणायचे, हे बरोबर नाही. गरिबाची गरज आम्हाला कळते. एका फेरीत जास्त माणसे म्हणजे डिझेलचा खर्च निघतो हेही कळते. पण घाटात चाक निखळले तर लटकणारा आधी जातो, आणि तो आपल्यासारखाच कोणीतरी मजुरीहून घरी चाललेला असतो.

काम करून घ्यायचे ठरले की जुना भाग दाखवायला सांगावा. बेअरिंगच्या कपाच्या आतल्या पृष्ठभागावर खवले निघालेले असतील तर ते थकून गेले. निळसर-तपकिरी रंग असेल तर तापले, म्हणजे ग्रीस कमी होते किंवा नट जास्त आवळला होता. बारीक गंजाचे ठिपके म्हणजे पाणी. कप आणि कोन दोन्ही नवे बसवावेत. फक्त कोन बदलून जुना कप ठेवणे ही काटकसर महिनाभर टिकते. सील नवे हवे. जुने ग्रीस केरोसीनने पूर्ण धुवावे, बेअरिंग मऊ कापडाने पुसून वाळवावे. कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवून वाळवू नये, त्यात रोलर उडून डोळ्याला इजा होते. नवे ग्रीस तळहातावर घेऊन रोलरांच्या मध्ये दाबून भरावे, हबची पोकळी मात्र गच्च भरू नये. पुढच्या हबचा नट चाक फिरवत फिरवत जड होईपर्यंत आवळून मग थोडा, साधारण एका फेऱ्याचा सहावा भाग, मागे घेतात. नक्की माप गाडीच्या पुस्तकात असते. मग लॉक वॉशरची पाकळी वाकवायची, आणि ती जुनी, एकदा वाकवलेली नसावी. मागच्या एक्सलची रचना गाडीगणिक वेगळी. काहींत पुलर लागतो, काहींत पातळ शिम घालून ढिलाई जुळवतात. ते काम जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावे. आणि डुप्लिकेट बेअरिंगपासून सावध राहावे. बंद वेष्टन, बेअरिंगवर कोरलेला नंबर आणि छापील बिल हे तिन्ही मागावे. बिल मागितल्यावर भाव वाढत असेल तर दुकान बदलावे.

गाडी घरी आणल्यावर पन्नासेक किलोमीटर चालवून चाकाचे नट पुन्हा आवळावेत आणि त्या हबला पुन्हा हात लावून पाहावा. नवे बेअरिंग पहिल्या दिवशी किंचित कोमट लागते. दुसऱ्या दिवशीही बाकीच्या तिघांपेक्षा जास्त गरम लागले तर नट जास्त आवळला गेला आहे. प्रवासी घेण्याआधी परत जाऊन तो थोडा सैल करून घ्यावा.